साध्या लायसनवर मोटरहोम : कागद, काटा आणि काळी माती

मोटरहोमसाठी वेगळं, 'हेवी'चं लायसन लागतं, असं विदर्भात वरुडपासून वणीपर्यंत कोणीही सांगेल. लागत नाही. स्वयंपाकाचा ओटा, दोन झोपायच्या जागा, पाण्याची टाकी आणि मागे छोटं संडास-बाथरूम असलेली, फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर या मिनीबसच्या आकाराची गाडी साध्या कारच्या लायसनवर चालवता येते. आम्ही हे सगळं क्रमाने केलं: आधी कागद, मग वजनकाटा, मग मोकळं मैदान आणि शेवटी रस्ता. कागदाला एक दुपार पुरली. बाकीच्याला दोन महिने लागले आणि तेवढे लागायलाच हवेत, म्हणून इथे जास्त जागा त्यालाच दिली आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२१) मध्ये हलक्या मोटार वाहनाची व्याख्या आहे. लायसनच्या कार्डावर 'एलएमव्ही' असं जे छापलेलं असतं, ते हेच. मर्यादा ७,५०० किलोंची. पण हे ७,५०० नेमकं कोणतं वजन, इथे लोक गोंधळतात. गाडी खाजगी, मोटारकार म्हणून नोंदलेली असेल तर रिकाम्या गाडीचं वजन धरायचं. ती भाड्याने देण्यासाठी म्हणजे ट्रान्सपोर्ट म्हणून नोंदलेली असेल, किंवा चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसांची म्हणजे ऑम्निबस असेल, तर भरलेल्या गाडीचं कमाल वजन धरायचं. छोट्या मोटरहोमचं भरलेलं वजन बहुधा साडेतीन ते साडेचार टनांत असतं. कोणत्याही मापाने मोजा, ती हलकीच.

खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत बिगर-ट्रान्सपोर्ट वाहनांच्या यादीत आहे. भाड्याने आणलेल्या, ट्रान्सपोर्ट नोंदणीच्या गाडीबद्दल मात्र बरीच वर्षं वाद होता. कारच्या लायसनवर अशी गाडी चालवताना अपघात झाला की विमा कंपन्या 'ट्रान्सपोर्टचा शेरा नव्हता' म्हणून दावा नाकारायच्या. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तो वाद मिटवला. एलएमव्ही लायसन असलेल्याला ७,५०० किलोंपर्यंतचं ट्रान्सपोर्ट वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येतं. या निकालाची छापील प्रत गाडीच्या कप्प्यात ठेवावी. नाक्यावर तोंडी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

नंबर प्लेटवरूनही कळतं. पांढरी प्लेट, काळी अक्षरं म्हणजे खाजगी. पिवळी प्लेट, काळी अक्षरं म्हणजे व्यावसायिक. काळी प्लेट, पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी. पांढऱ्या प्लेटची मोटरहोम कोणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका, कारण अपघातानंतर विमा तिथेच अडकतो.

लायसनची मुदतही त्याच दिवशी पाहून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदतीचा हिशोब बदलला आहे. तीस ते पन्नास वयात काढलेलं किंवा नूतनीकरण केलेलं लायसन दहा वर्षं चालतं, पंचावन्ननंतर पाचच वर्षं. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरच्या सहीचा नमुना १-अ लागतो. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. लायसनशिवाय गाडी चालवल्याचा दंड ५,००० रुपये आहे, आणि विम्याचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं. मोटरहोमचा बेत आखणारे बरेचजण निवृत्तीच्या वयाचे असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

लायसनपेक्षा आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, नीट वाचण्याची गरज जास्त. चार रकाने बघायचे: रिकामं वजन, भरलेलं वजन, बॉडी टाइप आणि आसनसंख्या. शेजारी स्लीपर संख्येचा रकाना असतो, तोही बघा. गाडी आत घर आणि आरसीवर अजूनही 'तेरा आसनी' असेल तर ती गाडी कागदावर वेगळीच गाडी आहे. कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच आणखी कडक शब्दांत सांगितलं. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशाच गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. ज्या बांधणीला त्याची मान्यता आहे तीच घ्या. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून छत कापून घेणं, खिडकी पाडणं, सीट उपटून ओटा बसवणं, हे स्वस्त पडतं आणि शेवटी महागात जातं. विमा कंपनीला बॉडीचं वर्णन आणि बसवलेल्या सामानाची यादी लेखी कळवा. फास्टॅग आरसीवरच्या वर्गाचाच घ्या. कागदाचं काम इथे संपलं.

आता काटा.

विदर्भात ही सोय दारात आहे. प्रत्येक जिनिंगच्या फाटकात आणि बहुतेक बाजार समित्यांत वजनकाटा असतो. कापसाच्या हंगामात दिवसभर गाड्यांची रांग लागते, म्हणून काटा उघडला की लगेच, पहिल्या गाडीआधी जायचं. गाडी रिकामी नेऊ नका. डिझेल फुल, पाण्याची टाकी फुल, गॅस, गाद्या, भांडी आणि जे प्रवासाला येणार ते सगळे आत बसलेले, अशी न्या.

तीन वजनं घ्यायची. पहिलं, पूर्ण गाडी काट्यावर. दुसरं, फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर. तिसरं, फक्त मागची. काट्याची चढण तिरपी असेल तर दुसरं-तिसरं वजन चुकतं, म्हणून दोन्ही बाजू समपातळीत असलेला काटा शोधा. एक्सलचं, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीचं, वजन घेताना हँडब्रेक सोडा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि बाहेरच्या चाकांना विटा लावा. ब्रेक आवळलेला असला की गाडी काट्याला ओढून धरते आणि आकडा फिरतो. पुढचं आणि मागचं वजन मिळून पूर्ण वजनाशी २०-३० किलोंच्या फरकाने जुळायला हवं. नाही जुळलं तर पुन्हा घ्या. आधी सांगितलं तर काटेवाला तिन्ही पावत्या देतो.

आमच्या हिशोबाचा नमुना देतो. आरसीवरचं भरलेलं वजन ३,७०० किलो. बांधणी झालेली गाडी डिझेलसह ३,०२०. चार माणसं २६०. पाणी १०० लिटर म्हणजे १०० किलो. पाच किलो गॅसचं छोटं सिलिंडर, रिकाम्या सिलिंडरचं वजन धरून, १२. कपडे, किराणा, खुर्च्या, दोर, जॅक मिळून १५०. बेरीज ३,५४२. उरले १५८ किलो. आता गावाहून निघताना घरचे एक क्विंटल तूर आणि संत्र्याचे तीन क्रेट टाकतात. क्रेट २२ किलोंचा धरला तर १६६ किलो झाले. गाडी मर्यादेच्या आठ किलो वर गेली, आणि हे सगळं सामान मागच्या दारातून आत गेलेलं.

मागच्या दारातून गेलं हे महत्त्वाचं, कारण मागच्या एक्सलच्याही मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं काम करतं. ३.३५ मीटर व्हीलबेसच्या, म्हणजे दोन एक्सलमध्ये तेवढं अंतर असलेल्या, गाडीत मागच्या एक्सलपासून एक मीटर मागे १०० किलो ठेवले तर मागच्या एक्सलवर १३० किलो वाढतात आणि पुढच्यावरून ३० किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं लागतं. लोकांना ते छान वाटतं, पण तो धोक्याचा इशारा आहे. विंगरसारख्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून शेपूट जड झालं की ओल्या चढावर पुढची चाकं नुसती फिरतात. ट्रॅव्हलरमध्ये मागची चाकं ओढतात, त्यामुळे हा त्रास कमी, पण पुढचे ब्रेक अपुरे पडतात. म्हणून तूर दोन्ही एक्सलच्या मध्ये, जमिनीलगत. संत्री त्याच्या वर. पाण्याची टाकी शक्यतो मध्यभागी. बॅटरी पुढच्या सीटखाली.

एक्सलचं वजन कळलं की टायरचा हिशोब लागतो. टायरच्या कडेवर आकाराच्या पुढे एक आकडा असतो, तो भार-निर्देशांक. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०७ म्हणजे ९७५, १०९ म्हणजे १,०३०, ११२ म्हणजे १,१२०. मागच्या एक्सलवर २,१०० किलो भरले तर एका चाकावर १,०५० येतात. १०९ चा टायर कमी पडतो, ११२ लागतो. दुकानदार फक्त आकार विचारून टायर देतो. हा आकडा आपणच मागायचा. त्याच कडेवर शेवटचे चार अंक बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, जसं २३२३ म्हणजे २०२३ चा तेविसावा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी खोल दिसते, पण विदर्भाच्या उन्हात उभं राहून बाजूला बारीक भेगा पडलेल्या असतात. पाच-सहा वर्षांनी बदला. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. नवतप्यात, मे अखेरच्या कडक उन्हात, दुपारी हवा वाढलेली दिसते म्हणून सोडून द्यायची नाही. रात्री टायर थंड झाला की तो कमी हवेवर उभा असतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच कमी हवेने जास्त तापतो. फुटतो तो असा.

मैदानासाठी आठवडी बाजाराची जागा उत्तम, बाजाराचा दिवस सोडून. एक पिशवी फक्की (रेघा मारायची पांढरी पूड), आठ-दहा विटा, पाण्याच्या चार बाटल्या आणि बाहेर उभं राहणारा एक माणूस एवढं पुरे. आधी गाडी टेपने मोजा: लांबी, आरशांसकट रुंदी, आणि छतावरच्या सर्वांत उंच वस्तूपर्यंतची उंची. सोलर पॅनेल किंवा पंख्याचं झाकण बसवल्यावर उंची वाढते. हे तीन आकडे मोठ्या अक्षरात लिहून सनवायझरवर चिकटवा.

पहिला सराव सरळ रेषेचा. वीस मीटरची फक्कीची रेघ मारा आणि डावं पुढचं चाक त्या रेघेवर ठेवून जा. चालकाची सीट जवळजवळ पुढच्या चाकावर असल्यामुळे कारचा अंदाज इथे चालत नाही. गाडी आपल्याला वाटतं त्यापेक्षा डावीकडे असते. दुसरा सराव वळणाचा. पूर्ण वळणात या गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा जवळपास ९० सेंटिमीटर आतून जातं. छोट्या कारमध्ये हे अंतर ६० च्या आसपास असतं. म्हणजे गावातल्या कोपऱ्यावरच्या ओट्याला किंवा हौदाला मागचं चाक घासतं, पुढचं नाही. तोंड पुढे जाऊ द्या, आपला खांदा कोपऱ्याच्या पुढे गेला की मग वळवा.

तिसरा सराव शेपटाचा, आणि याची माहिती फार कमी जणांना असते. मागच्या एक्सलच्या मागे १.२ ते १.६ मीटर गाडी असते. उजवीकडे पूर्ण वळवताच मागचा डावा कोपरा १२ ते २० सेंटिमीटर डावीकडे बाहेर जातो. भिंतीला चिकटून उभी केलेली गाडी उजवीकडे वळवून काढली की मागचा कोपरा भिंतीला लागतो. विटांवर बाटल्या ठेवून हे दोन-तीनदा करा. बाटली पडलेली पाहिल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. अशा जागेतून निघताना आधी दीड-दोन मीटर सरळ पुढे जायचं, मग वळवायचं.

रिव्हर्सला कॅमेरा असला तरी एक माणूस खाली हवाच. कॅमेऱ्यात चिंचेची फांदी आणि वरची तार दिसत नाही. खालच्या माणसाने चालकाच्या बाजूच्या आरशात दिसेल असंच उभं राहायचं. तो आरशातून दिसेनासा झाला की ब्रेक, हा नियम दोघांत ठरवून घ्या.

उंचीचं वेगळं सांगतो. मोठ्या रस्त्यावर त्रास नाही. त्रास गावात होतो: खांबावरून घरात आलेल्या झोळ पडलेल्या विजेच्या तारा, गावाच्या कमानी, बाभळीच्या फांद्या आणि रेल्वेखालचे बोगदे. बोगद्यावर उंची लिहिलेली असते, ती सनवायझरवरच्या आकड्याशी ताडून बघा. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, मग उंचीचा प्रश्नच उरत नाही, मागे फिरा. तार काठीने उचलून गाडी काढायला कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा.

आता रस्ता. समृद्धी महामार्गावर ही गाडी चालवणं सर्वांत सोपं आणि सर्वांत फसवं. चालक सोडून आठ प्रवाशांपर्यंतच्या गाडीला १२० ची मर्यादा असली तरी मोटरहोमला ८० पुरे. उंच, सपाट बाजूंची गाडी मोठा ट्रक शेजारून गेला की आधी बाहेर ढकलली जाते आणि तो पुढे गेला की आत ओढली जाते. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, उलट झटका न देता ते सोसायचं. उन्हात सिमेंटचा रस्ता आणि सलग वेग यांनी टायर तापतात. दर दोन तासांनी थांबून हात लावून बघा. एक टायर बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर हवा कमी आहे किंवा ब्रेक चिकटला आहे.

खरी परीक्षा गावाच्या रस्त्यावर. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याचं डांबर साधारण ३.७५ मीटर रुंद. आपली गाडी आरशांसकट सव्वादोन मीटर. समोरून ट्रॅक्टर आला की दोघंही डांबरावर मावत नाहीत, कोणीतरी साइडपट्टीवर उतरायचं. आणि साइडपट्टी म्हणजे वावरातलीच काळी माती, वर मुरमाचा पातळ थर. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. मे महिन्यात गवताखाली हात जाईल एवढ्या भेगा असतात. पावसात वरून सुकलेली दिसते आणि खाली लोणी असते. साडेतीन टनांची गाडी दोन डाव्या चाकांनी त्यात उतरली की कलते, आणि वर पाण्याची टाकी, कपाटं, छतावरचं सामान असल्यामुळे कलत राहते. म्हणून पावसाळ्यात नियम एकच: डांबर सोडायचं नाही. लांबूनच दिवे देऊन थांबा, शक्य असेल तर शेताच्या फाट्याच्या रुंद जागी, आणि ट्रॅक्टरला जाऊ द्या. त्याची चाकं त्या मातीसाठीच आहेत. कास्तकार समजून घेतात, फक्त हात वर करून इशारा करा.

चाक रुतलंच तर रेस करू नका. दुसऱ्याच मिनिटाला गाडी एक्सलवर बसते. सगळे खाली उतरा. पाण्याची टाकी रिकामी करा, तेवढ्यानेच १०० किलो कमी. चाकापुढची माती फावड्याने उतरती करा आणि खाली तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या किंवा कापसाच्या वाळक्या काड्या) आडव्या, घट्ट रचा. त्या बहुतेक शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) सापडतात, मालकाला विचारून घ्या. पोतंही चालतं, पण ते चाकासोबत गुंडाळलं जातं, म्हणून पऱ्हाट्यांवर टाका. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. ट्रॅक्टर बोलवायचा तर दोर ओढण्याच्या हुकलाच बांधा. बंपरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला बांधला की दुरुस्ती महिनाभर चालते. झटका न देता ओढायला सांगा आणि दोराच्या रेषेत कोणालाही उभं राहू देऊ नका.

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर थांबायचं. बस गेली म्हणून आपण जायचं नाही. बस वजनदार असते आणि तिच्या चालकाला रोजचा रपटा पाठ असतो. आपली गाडी उंच भिंतीसारखी आहे, वाहतं पाणी तिला बाजूने ढकलतं.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला कठीण नाही, उतरायला आहे. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये, बहुधा दुसऱ्या, उतरा. ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा वेळ जोरात दाबून पूर्ण सोडायचा. जळका वास आला किंवा पेडल खाली जाऊ लागलं की रुंद जागी थांबा आणि अर्धा तास गाडी तशीच ठेवा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तो तडकतो. पेडल खाली जाण्याचं कारण बहुधा ब्रेक ऑइलमध्ये मुरलेलं पाणी असतं. ते तापून वाफ होतं आणि वाफ दबते. ऑइल दर दोन वर्षांनी बदललं तर हे टळतं. उतारावर इंजिन बंद करून डिझेल वाचवणारे चालक अजूनही भेटतात. इंजिन बंद झालं की ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते, आणि या वजनात ते पायाने-हाताने पेलत नाही.

रात्री चालवूच नका. दिवे नसलेल्या बैलबंड्या, रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या, रस्त्यावर बसलेली गुरं, आणि जंगलाकडे रोही (नीलगायी) आणि रानडुकरं. मेळघाट किंवा ताडोब्याच्या बाजूला जायचं तर वनखात्याच्या नाक्यावर वाहतुकीची वेळ आधी विचारा आणि व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलपट्ट्यात, गाडीत मुक्काम करू नका. मुक्कामाला मालकाला विचारून शेतातलं खळं, पंपाचं आवार किंवा देवळाचं मैदान बरं. पावसाचं चिन्ह असेल तर गाडी तोंड रस्त्याकडे करून, मुरमावरच लावा.

निघताना दर वेळी: सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, चुलीचा नव्हे, सिलिंडरचाच. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं, आणि चिखलाने ते बुजलं नाही ना हे बोट घालून बघायचं. मग कपाटांच्या कड्या, छताची खिडकी, बाहेरची पायरी आत. माणसं फक्त पट्टा असलेल्या सीटवर, चालत्या गाडीत गादीवर कोणी नाही. शेवटी गाडीभोवती एक पूर्ण फेरी, वर बघत.